माणशी एक वाटा

मालकांनी पेन्सिलीचं टोक दोरीवरच्या शेवटच्या टॉवेलाला टेकवलं आणि वहीतून मान वर न करताच म्हणाले,

"सतरा."

तो टॉवेल जेमतेम हातभर होता. पिवळा, कोपऱ्यात बदक शिवलेला, अजून टपटप गळणारा. त्याची धनीण आईच्या कडेवर बसून मालकांच्या पेन्सिलीकडे हात लांबवत होती. मिळाली असती तर पेन्सिल थेट तोंडातच गेली असती.

"हा चिमीचा आहे," तिची आई म्हणाली.

"कुणाचा का असेना. टॉवेल आहे ना?"

"सहा महिन्यांची आहे ती, मालक. तांब्याभर पाण्यात आंघोळ होते तिची."

"आणि लंगोट? दुपटी? दिवसाला दहा तरी धुता की. डोळे आहेत मला." मालक हसले. "आणि काय हो ताई, तुमचं लेकरू माणूस नाही का?"

आता यावर कोणती आई काय बोलणार? मालकांनी वहीत आकडा टिपला, पेन्सिल कानावर खोवली आणि चपला फटफटवत ते जिना उतरून गेले. चिमी रिकाम्या हाताकडे बघत राहिली. तिच्या आईच्या कानाच्या पाळ्या मात्र भाजल्यासारख्या लाल झाल्या.

दर महिन्याच्या एक तारखेला, आंघोळी आणि धुणी आटोपली की मालक गच्चीवर येत आणि टॉवेल मोजत. सगळ्या बिल्डिंगला पाण्याचं मीटर एक, बिल एक. ते माणशी वाटलं जायचं. कोणाकडे किती माणसं आहेत हे विचारायच्या भानगडीत मालक पडत नसत. "माणूस खोटं बोलतो, टॉवेल बोलत नाही," असं त्यांचं म्हणणं. एखादीचा भाऊ मुक्कामाला आला आणि सकाळी आंघोळ करून गेला, तरी त्याचा ओला टॉवेल एक तारखेला दोरीवर सापडला की तो भाऊ त्या महिन्याच्या बिलात बसलाच. पहिल्या मजल्यावरचे कुरियरवाले दोघे मित्र एक तारखेला मुद्दाम एकाच टॉवेलाने अंग पुसायचे. मालकांनी त्यांच्यासाठी दाराबाहेरचे बूट मोजायला सुरुवात केली.

पुढच्या गाळ्यात मालकांचा मेहुणा गाड्या धुवायचा. सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत एकामागून एक गाडी फेसाळून निघायची. त्या गाळ्यात जाणारा हिरवा पाइप जिन्यामागच्या भिंतीतून, याच बिल्डिंगच्या टाकीखालून निघत होता. तो सगळ्यांना दिसायचा. जिना चढताना मुलं त्याच्यावरून उड्या मारायची. पण पाइपाला अंग पुसावं लागत नाही, म्हणून टॉवेल नाही, आणि टॉवेल नाही म्हणून तो माणसांत नाही.

चिमीच्या आईला बिल्डिंगमध्ये सगळे कॉलरवाली म्हणत. शाळेच्या गणवेशांच्या कॉलरी घरी शिवून द्यायचं काम ती करायची. मोटर लावलेलं मशीन कर्कश होतं, पण चिमी त्याच आवाजात झोपायची, उलट मशीन थांबलं की उठायची. एका माणसाचा पाण्याचा वाटा म्हणजे शंभर कॉलरी. शंभर कॉलरींना चिमीच्या पाच दिवसांच्या झोपा लागत. पाच दिवस लेकरू झोपलेलं असताना त्याच्या शेजारी टेकायचं सोडून आईने पाय हलवायचे, आणि ते कशासाठी? तर समोरच्या गाड्या चकचकीत व्हाव्यात म्हणून! नवरा मालट्रकवर. महिन्यातून चारेक दिवस घरी; या एक तारखेलाही पहाटे आंघोळ करून निघून गेला होता. फोनवर त्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "जाऊ दे गं. भाडेकरूने मालकाशी भांडू नये. खोली शोधत फिरायचं आहे का?"

"मी भांडत नाहीये," ती म्हणाली. "मी मोजतेय. त्यांना मोजता येतं तर मलाही येतं."

तीन दिवसांनी जिन्याखाली बिल लागलं. त्याखाली मालकांच्या हाताने लिहिलेली यादी. मालक तीन. मास्तर चार. सिस्टर तीन. कुरियरवाले दोन. कॉलरवाली तीन. आणि दुसऱ्या मजल्यावर मागच्या खोलीत राहणारे पेंटर, त्यांच्या नावापुढे दोन.

ती पायरीवरच थांबली.

पेंटरकाका साइनबोर्ड रंगवायचे. वय झालेलं, पण अक्षर अजून सरळ रेषेत पावलं टाकणारं. त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणायचे. कॉलरवाली पोटुशी असताना काकूच बादली वर आणून द्यायच्या आणि वर ओरडायच्याही, "जिन्यात दिसलीस तर तंगडं मोडीन." बाळंतपणाला मी आहेच, म्हणाल्या होत्या. आणि त्याआधीच, चिमी व्हायच्या दोन महिने आधी, मुलीकडे गेल्या. त्या गेल्या त्या गेल्याच. आठ महिने झाले. त्या खोलीत एकटे काका. आणि मालक त्या म्हाताऱ्याकडून दोन माणसांचं पाणी घेत होते!

बाळाचं सोडा, तिथे वाद घालता येतो. पण आठ महिने घरात नसलेल्या बाईने पाणी प्यायलं कसं? हा मात्र सरळ दरोडा होता.

"मला आश्चर्य नाही वाटत," सिस्टर म्हणाल्या. दवाखान्यातली बारा तासांची ड्यूटी करून त्या नुकत्याच आल्या होत्या आणि दारातच बसून मोजे काढत होत्या. "मी आठवड्यातून चार दिवस दवाखान्यातच आंघोळ करते. पण मालकांना सांगून बघ. म्हणतील, केस तर इथेच वाळवता ना?"

"सिस्टर, पाणी खात्यात जायचं का?"

"जाऊ की. पण एकटीदुकटीचं काम नाही ते. मास्तर बिचकतील."

"मास्तरांना मी बघते."

पाणी खात्याच्या ऑफिसात तिने चिमीला मांडीवर घेऊन दीड तास काढला. खिडकीमागच्या कारकुनाला भुवया होत्या म्हणूनच कपाळ कुठे संपतं ते कळत होतं, इतकं टक्कल. पण माणूस सरळ होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला,

"घरगुती जोडणीवर गाड्या धुता येत नाहीत. आणि दोन वर्षांखालचं मूल आम्ही पाण्यात धरतच नाही."

"हे लेखी द्याल?"

"तुम्ही लेखी द्या, मग आम्ही देऊ." त्याने एक छापील कागद सरकवला. "सगळ्या भाडेकरूंची यादी. मोठी माणसं किती, लहान किती. प्रत्येक घरातल्या एकाची सही. मग तपासनीस येईल, मीटर बघेल, पाइप बघेल. पण एक लक्षात ठेवा. आकडा खरा पाहिजे. एक जरी खोटा निघाला तरी अख्खा अर्ज रद्द. समोरचा माणूस तेवढंच धरून बसतो. अनुभव आहे."

"आमचं सगळं खरंच आहे," ती म्हणाली. तिने त्याआधी आयुष्यात कधी इतक्या ताठ मानेने वाक्य उच्चारलं नव्हतं.

मास्तर बिचकले, पण हिरव्या पाइपाचं नाव काढल्यावर त्यांनी सही केली. आठवीच्या वर्गात पाणी वाचवा म्हणून त्यांनी त्याच आठवड्यात भाषण ठोकलं होतं, त्याची त्यांना लाज वाटली असावी. कुरियरवाल्यांनी सही करून वर विचारलं, "आता वेगवेगळे टॉवेल वापरले तर चालतील का?"

यादी कोणी लिहायची यावर वाद नव्हता. अक्षर म्हणजे पेंटरकाकांचं. काकांनी कागद घेतला, आरशासमोरच्या उजेडात धरला, पेन्सिलीने हलक्या रेघा मारल्या आणि म्हणाले, "उद्या ने." उद्या ती गेली तेव्हा यादी लिहून झाली होती. इतकी देखणी, की तक्रारअर्ज न वाटता एखाद्या शाळेच्या उद्घाटनाची पाटी वाटावी. फक्त दुसरा मजला, मागची खोली, या ओळीत माणसांचा रकाना कोरा होता.

"काका, हे राहिलं."

"हां. शाई जरा पातळ झालीय. वाळू दे. मग लिहितो."

दुसऱ्या दिवशी चष्मा सापडत नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांना एक अर्जंट पाटी द्यायची होती.

"मालकांनी फोडलंय त्यांना," सिस्टर म्हणाल्या. "बघ तू. भाडं कमी करतो म्हणाले असतील. म्हातारी माणसं अशीच असतात. आयुष्यभर गप्प बसतात आणि शेवटी गप्प बसायचे पैसे घेतात."

"काका तसे नाहीत."

"मग एक आकडा लिहायला तीन दिवस लागतात का गं? मी तीन मिनिटांत माणसाला सलाइन लावते."

तिला ते पटलं नाही, आणि तरी चौथ्या दिवशी दुपारी, चिमीची झोप झाल्या झाल्या, ती तिला घेऊन तडक दुसऱ्या मजल्यावर गेली. जिना उतरतानाच ती मनात वाक्यं जुळवत होती.

काका जमिनीवर बसून एका पत्र्यावर अक्षरं भरत होते. 'येथे गाडी उभी करू नये.' त्यातलं 'नये' अजून नुसतं पेन्सिलीतच होतं. खोलीला टर्पेंटाइनचा वास होता. ब्रश एका जुन्या कपात उभे होते. त्यांनी चिमीला बघून चष्मा वर केला. चष्मा सापडलेला दिसत होता.

"ये सूनबाई. तिला खाली नको ठेवू, रंग ओला आहे."

"काका, आज चौथा दिवस."

"हो ना. शाई..."

"शाई वाळली, काका. माझं रक्त आटायची वेळ आली. सगळ्यांच्या सह्या झाल्या, तुमचाच रकाना कोरा आहे." ती उभीच राहिली. "मालकांनी काही सांगितलंय का तुम्हाला?"

काकांना आधी कळलंच नाही. मग ते हसले.

"मालक मला काय सांगणार? मेहुण्याच्या गाळ्याची पाटी मीच रंगवलीय. त्याचे पैसे अजून यायचेत."

"मग एक लिहायला हात का अडतो? आठ महिने तुम्ही नसलेल्या माणसाचं पाणी भरताय. आठ महिने! तुम्हाला राग कसा येत नाही? मला येतो. मला जिन्याखालून जाताना रोज येतो. तुमचा हा एक आकडा म्हणजे आमच्या सगळ्यांच्या हातातला दगड आहे, काका. हीच ओळ वाचून दाखवली तर मालकांना तोंड वर काढायला जागा राहणार नाही. आणि तुम्ही शाई वाळवत बसलात. तुमच्यासारखी माणसं गप्प बसतात म्हणून त्यांचं फावतं. काकू असत्या ना, तर पहिली सही त्यांनी केली असती!"

तिचा आवाज चढला तशी चिमीने तिच्या तोंडावर हात ठेवला. तो खेळ त्यांचा नेहमीचा होता. आई हाताचा पापा घ्यायची. आज घेतला नाही.

काकांनी ब्रश फडक्याला पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"मालकांची त्यात चूक नाही," ते म्हणाले. "त्यांनी विचारलं होतं मला. दुसऱ्याच महिन्यात विचारलं. पेंटर, खोडू का एक? मीच म्हटलं, नको, राहू दे. येणार आहे ती."

"पण टॉवेल?"

"मीच घालतो. एक तारखेला तिचा भिजवतो, पिळतो, वाळत घालतो. नाहीतर ते मोजणार कसे?"

खाली गाळ्यात कोणीतरी पाण्याचा फवारा सोडला. पत्र्यावर पाणी आपटल्याचा आवाज वरपर्यंत येत राहिला.

"भांडण झालं होतं का?" तिने विचारलं. आवाज आपोआप खाली आला होता.

"तेवढंही नाही बघ. भांडण झालं असतं तर मी जाऊन माफी मागितली असती. एका सकाळी पिशवी भरली, मला म्हणाली, डब्यात दोन दिवसांचं आहे. चपला घातल्या आणि गेली. मुलीला फोन केला की ती म्हणते, आई बरी आहे बाबा. बाकी काही बोलत नाही. मी विचारतही नाही. विचारलं आणि तिने सांगितलं म्हणजे?" त्यांनी फडक्याची घडी घातली. "टॉवेल विसरून गेली. चांगला नवा टॉवेल. ती अशी वस्तू विसरणारी नव्हे."

तिचा राग कुठेच गेला नव्हता. तो होता तिथेच, छातीत, तापलेला, पण आता तो कोणावर टाकायचा हे कळत नव्हतं. काकूंवर टाकावा तर त्यांनी उचललेल्या बादल्या आठवत होत्या.

"आयुष्यभर लोकांच्या पाट्या लिहिल्या, सूनबाई," काका म्हणाले. "एक गोष्ट कळली. लिहिलं की लोक खरं धरतात. दुकान बंद पडतं, पण पाटी आहे तोवर माणसं येऊन दार ठोठावतात. आणि पाटी पुसली, की आत दुकान चालू असलं तरी कोणी फिरकत नाही. तिथे एक लिहिलं ना मी, तर झालंच मग. सगळ्यांनी वाचायचं. मीसुद्धा."

"पण ही मालकांची वही नाही, काका. सरकारी अर्ज आहे. एक आकडा खोटा निघाला की सगळ्यांचा अर्ज रद्द. मास्तरांचा, सिस्टरचा, माझा. तो कारकून तसं म्हणाला मला. तोंडावर."

"खरं आहे. म्हणून तर चार दिवस ठेवला." त्यांनी फडताळावरून कागद काढला आणि चष्मा नाकावर आणून वाचायला लागले, जसं काही दुसऱ्याच कोणी लिहिलंय. "तिसरा मजला. मोठी माणसं दोन, लहान एक. म्हणजे तू, ही, आणि तुझा नवरा."

"हो."

"तो कधी यायचाय आता?"

"या महिन्यात जमणार नाही म्हणाला. पुढच्या महिन्यात."

"महिन्यातून किती दिवस असतो इथे?"

"चार. कधी तीन." आणि मग, कोणी हिसकावून घेतल्यासारखं ती पटकन म्हणाली, "पण तो इथेच राहतो. त्याचं घर आहे हे. रोज नाही दिसला म्हणून काय झालं?"

"तेच म्हणतो मी," काका म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता. तोच असता तर बरं झालं असतं. तिला उत्तर देता आलं असतं. काका नुसते तिच्याकडे बघत होते, एखाद्या हिशेबाच्या गुरुजींसमोर पाटी धरून उभ्या राहिलेल्या पोरासारखे. बरोबर का चूक, एवढंच सांगा.

चिमीने कपातल्या ब्रशांकडे झेप घेतली. आईने तिला मागे ओढलं, दुसऱ्या कडेवर घेतलं, पदर तिच्या मुठीतून सोडवला. या सगळ्याला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ तिने लावला.

"लिहा काका," ती म्हणाली. "दोन लिहा."

"सगळ्यांचं नुकसान होईल."

"लिहा तुम्ही."

काकांनी बोरू घेतला. आधी फडक्यावर एक रेघ ओढून बघितली. मग कागदावर ओणवे होऊन, श्वास धरून, त्यांनी एकाच फटक्यात आकडा काढला. सगळ्या यादीत तेवढा सुंदर आकडा दुसरा नव्हता. त्याखाली त्यांनी सही केली आणि कागदावर फुंकर घालत राहिले. शाई वाळली तरी घालत राहिले.

जिन्यात सिस्टर भेटल्या. ड्यूटीवर निघाल्या होत्या, तोंडात पिन धरून केस बांधत होत्या.

"भरला का रकाना?"

"भरला."

"सुटलो बाई!" सिस्टर पिन काढून म्हणाल्या. "मी उगाच बोलले म्हाताऱ्याला. सांगू नकोस हं."

तिने कागदाची घडी घातली आणि पिशवीत, चिमीच्या दुपट्यांखाली सारली.

तळाशी मालक उभे होते. हातात नळी, पायाशी मेहुण्याने आणून ठेवलेली ओली बादली. त्यांना सगळं कळलं होतं. एका जिन्याच्या बिल्डिंगमध्ये कळायला किती वेळ लागतो?

"काय ताई, निघालात? झाली यादी?"

"झाली."

"पेंटरने काय लिहिलं? एक का दोन?"

तिने पिशवी काखेत घट्ट धरली.

"नाही, एक लिहिलं असेल तर उत्तम. मी आजच्या आज वहीतून खोडतो. मी काय, माणुसकी म्हणून ठेवलंय." मालकांनी नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं आणि पाणी बंद झाल्याची खात्री केली. "आणि दोन लिहिलं असेल, तर तुमचा तपासनीस येईल ना, त्याला मी स्वतः हाताला धरून दुसऱ्या मजल्यावर नेईन. म्हणेन, साहेब, पाइप नंतर बघा, आधी या खोलीतली बाई शोधून दाखवा. मग बघू कोणाची यादी खोटी ते."

"माणुसकी म्हणून ठेवलंय?" ती म्हणाली. "मग आठ महिने काकूंचे पैसे कशाचे घेताय?"

मालकांचा अंगठा सुटला. पाणी त्यांच्याच चपलांवर उडालं.

"ते स्वतःहून देतात!"

"देतात. आणि तुम्ही स्वतःहून घेता. एक म्हातारा माणूस दर महिन्याला कोरडा टॉवेल ओला करून दोरीवर टाकतो, तुम्हाला ते माहीत आहे, आणि तुम्ही त्याच्यासमोर पेन्सिल लावून तो मोजता. माझ्या लेकराचा मोजला तेव्हा मला राग आला होता, मालक. तो काहीच नव्हता."

"ए, जपून बोला. खोली माझी आहे."

"खोली तुमची आहे. पाणी गावाचं आहे."

ती बाहेर पडली. हिरव्या पाइपावरून नेहमी ओलांडून जायची, आज त्याच्यावर पाय देऊन गेली. गाळ्यात मेहुण्याच्या हातातली धार क्षणभर बारीक झाली, आणि तो गाडीमागून डोकावून बघायला लागला.

ऑफिसपर्यंत वीस मिनिटांची वाट. वाटेत दोनदा ती थांबली. एकदा चिमीचं टोपडं सरळ करायला. दुसऱ्यांदा काहीच करायला नाही, नुसतीच. कागद काढून बघितला. एक काढायला वेळ लागला नसता. दोनाचा एक करता येत नाही, पण नवा कागद मिळाला असता, खिडकीवर ढीग पडलेला असतो. ती स्वतः लिहू शकली असती. सही काय, सांगता आलं असतं की काकांची तब्येत बरी नाही. शंभर कॉलरी. दर महिन्याला शंभर. तिने कागद परत दुपट्यांखाली ठेवला.

खिडकीशी तिचा नंबर आला तेव्हा दुपार कलली होती. मागे सातआठ माणसं उभी होती आणि पुढच्याच्या खांद्यावरून डोकावत होती. टक्कलवाल्या कारकुनाने तिला ओळखलं. चिमीला तर नक्कीच. त्याने कागद उलगडला आणि आधी नुसताच बघत राहिला.

"हे कोणी लिहिलं?"

"आमच्याकडे पेंटर आहेत."

"वा." त्याने बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि एकेक ओळ खाली आणत गेला. मास्तर. कुरियरवाले. सिस्टर. बोट एका ठिकाणी थबकलं. "दुसरा मजला, मागची खोली. मोठी माणसं दोन. ही शाई ताजी दिसते."

"हो. आजच लिहिलं."

"दोघंही राहतात?"

तिने चिमीचा पाय पिशवीच्या पट्ट्यातून सोडवला.

"बाई बाहेरगावी गेल्यात. येतील."

"कधी?"

"तुमचा तपासनीस यायच्या आत."

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मागची बाई म्हणाली, "मग काय, वर्षभर आरामात राहून येतील." कारकुनालाही हसू आलं, त्याने ते भुवयांखाली दाबलं. पण बोट हललं नाही. त्याने चष्म्यावरून तिच्याकडे नीट बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं, आणि तिनेही नजर काढून घेतली नाही.

मग त्याने कागद तिच्याकडे फिरवला आणि सगळ्यात खालची छापील ओळ बोटाने दाखवली. वरील सर्व माहिती खरी आहे.

"वाचून सही करा. हे तुमच्या जबाबदारीवर."

तिने वाचलं. चिमीला दुसऱ्या हातावर घेतलं, त्याच्याकडून पेन मागून घेतलं, आणि कॉलरवाली नाही, आपलं पूर्ण नाव लिहून सही केली.